चौदा-पंधराचं गणित

आमच्या घरात एक वाक्प्रचार होता. तो मी दुसऱ्या कुठल्याही घरात ऐकलेला नाही. सगळं काम नीट पार पडावं आणि अगदी शेवटच्या पायरीवर घोडं अडावं, असं झालं की वडील म्हणायचे, ‘झालं, याचं पुन्हा चौदा-पंधरा झालं!’ हे ‘याचं’ म्हणजे माझं. गणिताच्या पेपरात सगळ्या पायऱ्या बरोबर आणि उत्तर लिहिताना हातचा विसरला, की चौदा-पंधरा. बाजारातून सगळं सामान आणलं आणि ज्यासाठी पाठवलं होतं तेच विसरलो, की चौदा-पंधरा. हा शब्द आमच्या घरात एका खेळण्यातून आला. त्या खेळण्याची आणि त्याच्या पोटात दडलेल्या गणिताची गोष्ट आज सांगणार आहे.

आम्ही ठाकुर्लीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधलं हे लहानसं स्टेशन. जलद गाड्या धडधडत निघून जायच्या आणि आम्ही धीम्या लोकलची वाट बघत उभे. वडील चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये पाळीवर जायचे. हे रेल्वेचं स्वतःचं वीज केंद्र. लोकल गाड्या चालवणारी वीज इथून जायची. ते बंद पडून आता कित्येक वर्षं झाली. पण तेव्हा दुरून गाव ओळखायचं ते त्याच्या धुराड्यावरून.

साठच्या दशकाच्या अखेरीस एका नवरात्रात कल्याणला दुर्गाडीच्या जत्रेत वडिलांनी मला एक खेळणं घेऊन दिलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते हाताळलं असेल. तळहाताएवढी प्लास्टिकची चौकोनी चौकट. तिच्यात चार ओळींत चार-चार अशी सोळा घरं. पंधरा घरांत एक ते पंधरा आकडे छापलेले ठोकळे, सोळावं घर रिकामं. ठोकळा उचलायचा नाही. रिकाम्या घराशेजारचा ठोकळा त्या घरात सरकवायचा, म्हणजे त्याचं घर रिकामं होतं, मग आणखी एक सरकवायचा. असं करत एक ते पंधरा ओळीने लावायचे आणि रिकामं घर शेवटी, खालच्या उजव्या कोपऱ्यात आणायचं. इंग्रजीत याला ‘फिफ्टीन पझल’ म्हणतात. आम्ही म्हणायचो, नंबर सरकवायचा खेळ.

माझ्या आतेभावालाही तसंच एक मिळालं होतं. त्याने तासाभरात लावून दाखवलं. माझ्या पहिल्या तीन ओळी झटकन लागत. चौथ्या ओळीत तेरा, पंधरा, चौदा असे येऊन बसत. पुन्हा विस्कटायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा तेरा, पंधरा, चौदा. दिवाळीची सुट्टी यात गेली. पुढे ते खेळणं कपाटावर गेलं, पण ‘चौदा-पंधरा’ घरात राहिलं. दहा वर्षांच्या मुलाने अशा शब्दावरून जो निष्कर्ष काढायचा तोच मी काढला. आपल्याला शेवटपर्यंत नेता येत नाही. आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे.

आता जरा आमच्या घरातून बाहेर पडू. कारण याच दोन आकड्यांनी १८८० साली अर्ध्या जगाला वेड लावलं होतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा या लहानशा गावी नॉयेस चॅपमन नावाचे पोस्टमास्तर होते. आधी त्यांनी सोळा ठोकळ्यांचं एक कोडं केलं होतं. कुठलीही ओळ मिळवली तरी बेरीज चौतीस यावी, अशी मांडणी त्यात करायची होती. आपल्याकडे खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेलं ‘चौतीसा यंत्र’ ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना ही बेरीज ओळखीची वाटेल. त्यातूनच पुढे एक ठोकळा काढून बाकीचे सरकवायची कल्पना आली. १८७९ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये हे खेळणं विक्रीला आलं आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याची साथच पसरली. तिथून ते युरोपात पोहोचलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका दंतवैद्याने तर कोडं सोडवणाऱ्यासाठी रोख बक्षीस जाहीर केलं.

बक्षीस कशासाठी? नेमकं माझ्याच अडचणीसाठी. बाकी सगळे आकडे जागच्या जागी, फक्त चौदा आणि पंधरा यांची अदलाबदल झालेली. ती सरळ करून दाखवा! पुढे सॅम लॉइड या प्रसिद्ध कोडेकाराने १८९१ पासून ‘हे कोडं माझंच’ असं सांगायला सुरुवात केली आणि १९११ साली मृत्यू येईपर्यंत तो ते सांगत राहिला. त्यानेही या अदलाबदलीवर एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कोडं त्याचं नव्हतं, हे जेरी स्लोकम आणि डिक सोनेव्हल्ड यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कागदपत्रांनिशी दाखवलं. बक्षिसाचे पैसे मात्र लॉइडच्या खिशातच राहिले. ते जाणं शक्यच नव्हतं.

कारण गणितज्ञांनी उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गंभीर नियतकालिकाच्या १८७९ च्या खंडात विल्यम वूल्सी जॉन्सन आणि विल्यम स्टोरी यांनी या खेळावर दोन टिपणं लिहिली. खेळण्याला अशा नियतकालिकात जागा का दिली, याचा खुलासा करणारी टीप संपादकांना जोडावी लागली होती! जॉन्सनने सिद्ध केलं की निव्वळ चौदा-पंधराची अदलाबदल सरकवून सरळ करता येणार नाही. कुणालाही, कधीही.

‘कधीही’ हा शब्द मोठा आहे. शंभर जणांना जमलं नाही, म्हणून एकशे एकाव्याला जमणार नाही असं आपण म्हणू शकत नाही. मग गणितज्ञ एवढ्या छातीठोकपणे कसं सांगतात? त्याला तीन पायऱ्यांचा युक्तिवाद आहे. कागद-पेन्सिल लागणार नाही; थोडं सावकाश मात्र वाचा.

पहिली पायरी रिकाम्या घराची. कल्याणच्या यार्डात शंटिंग पाहिलं असेल, तर एक गोष्ट लक्षात येते. डबा हलतो तो रिकामा रूळ असतो म्हणून. इथेही खरा प्रवासी ठोकळा नसून रिकामं घर आहे. प्रत्येक चालीत ते शेजारच्या जागी जातं. आता ही सोळा घरं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवली आहेत असं समजा. शेवटचा कोपरा काळा धरू. काळ्या घराचे सगळे शेजारी पांढरे, पांढऱ्याचे सगळे शेजारी काळे. म्हणजे प्रत्येक चालीला रिकाम्या घराचा रंग पालटतो. एक चाल, पांढरा. दुसरी चाल, काळा. तिसरी, पुन्हा पांढरा. हे कुणाच्या हुशारीवर अवलंबून नाही.

दुसरी पायरी रांगेची. चार ओळी एकापुढे एक जोडून सोळा जणांची एकच रांग केली, असं समजा. तिकिटाच्या खिडकीसमोर असते तशी. रिकाम्या घरालाही आपण सोळा हा नंबर देऊन टाकू. सगळे क्रमाने उभे असतील तर कुठलाही मोठा नंबर लहान नंबराच्या पुढे नसेल. पण रांग विस्कटलेली असेल, तर काही मोठे लहानांच्या पुढे घुसलेले असतील. अशा प्रत्येक जोडीला आपण ‘उलट जोडी’ म्हणू. सगळ्या उलट जोड्या मोजायच्या आणि एवढंच बघायचं की त्यांची संख्या सम आहे की विषम.

रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी जागा बदलल्या तर काय होईल? बाकी कुणाचंही पुढेमागे बदलणार नाही. फक्त त्या दोघांची जोडी सरळ असेल तर उलट होईल, उलट असेल तर सरळ. म्हणजे उलट जोड्या एकने वाढतील किंवा एकने कमी होतील. सम असतील तर विषम होतील, विषम असतील तर सम.

आणि लांब उभ्या असलेल्या दोघांनी जागा बदलल्या तर? समजा, दोघांच्या मध्ये तीन माणसं आहेत. पहिला त्या तिघांना आणि मग दुसऱ्याला ओलांडून मागे गेला. झाल्या चार शेजारच्या अदलाबदली. आता दुसऱ्याला पहिल्याच्या जागी जायचंय. त्याला मधले तिघे ओलांडायचे आहेत. आणखी तीन. एकूण सात. मध्ये दहा माणसं असती, तर अकरा आणि दहा, एकवीस. मध्ये कितीही असोत, जाताना एक जास्त, म्हणून बेरीज नेहमी विषमच. आणि शेजारच्या विषम अदलाबदली म्हणजे सम-विषम विषम वेळा पालटणं, म्हणजेच शेवटी पालटणं. थोडक्यात, रांगेतल्या कुठल्याही दोघांची एक अदलाबदल केली की सम होतं विषम आणि विषम होतं सम.

तिसरी पायरी या दोघींना जोडायची. खेळातली प्रत्येक चाल म्हणजे काय? एका ठोकळ्याने आणि रिकाम्या घराने, म्हणजे सोळा नंबरने, जागा बदलल्या. एक अदलाबदल. म्हणजे प्रत्येक चालीला दोन गोष्टी एकदमच पालटतात, रिकाम्या घराचा रंग आणि रांगेचं सम-विषम. क्रमाने लावलेल्या खेळण्यात रिकामं घर काळं आणि उलट जोड्या शून्य, म्हणजे सम. एक चाल केली की पांढरं आणि विषम. आणखी एक, काळं आणि सम. पुढे हजार चाली करा. काळं असेल तेव्हा सम, पांढरं असेल तेव्हा विषम. ही जोडी फुटत नाही.

आता माझं खेळणं बघा. रिकामं घर शेवटच्या कोपऱ्यात, म्हणजे काळं. उलट जोडी एकच, पंधरा हा चौदाच्या पुढे. एक म्हणजे विषम. काळं आणि विषम! ही स्थिती क्रमवार मांडणीपासून चाली करत कधी येऊ शकत नाही. आणि प्रत्येक चाल उलटी करता येत असल्यामुळे, या स्थितीपासून क्रमवार मांडणीपर्यंतही कधी जाता येत नाही. संपलं. एकही ठोकळा न हलवता सिद्ध झालं.

तुमच्या घरी असं खेळणं असेल, तर ही परीक्षा घेऊन पाहा. रिकामं घर सरकवत शेवटच्या कोपऱ्यात आणा आणि बाकीच्या पंधरांमधल्या उलट जोड्या मोजा. समजा, एक ते बारा बरोबर आहेत आणि शेवटच्या ओळीत चौदा, पंधरा, तेरा असं आहे. तेराच्या पुढे चौदा आणि पंधरा, अशा दोन उलट जोड्या. सम. घाबरू नका, हे लागेल. शेवटच्या ओळीत पंधरा, चौदा, तेरा असेल तर तीन उलट जोड्या. विषम. खेळणं खाली ठेवा आणि चहा घ्या.

‘सम असेल तर लागेलच’ हे वर मी सहज म्हणून गेलो, पण तेही सिद्ध करावं लागतं. ते काम स्टोरीने केलं. अशा प्रत्येक स्थितीतून मार्ग आहेच. किती लांबचा? १९९९ साली संगणकाच्या मदतीने पक्कं झालं की सर्वांत अवघड स्थितीतूनही ८० चाली पुरतात. एका वेळी एक ठोकळा एक घर सरकला की एक चाल, असा हा हिशेब.

मग किती मांडण्या जमणाऱ्या आणि किती न जमणाऱ्या? हे मोजायचं शास्त्र आपल्या मातीत जुनं आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण लिहिलं, सन ११५० च्या सुमारास. वस्तूंच्या मांडण्या किती प्रकारे होतात, हाच त्याचा विषय. चाळीसगावजवळ पाटण इथल्या शिलालेखात, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे अंकपाशाचे धडे खानदेशात दिले जात होते, असं म्हणायला हरकत नाही. भास्कराचार्यांनी उदाहरणही सुरेख घेतलंय. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलूनबदलून दिले तर किती मूर्ती होतील? पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक. गुणाकार चोवीस. संध्येतली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं याच चोवीस मूर्तींची. आणि शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं? ३६,२८,८००.

आता या चोवीस मूर्तींत सम किती, विषम किती? बरोबर बारा आणि बारा. कारण कुठल्याही सम मूर्तीतल्या शंख आणि चक्र यांची अदलाबदल केली की एक विषम मूर्ती मिळते, आणि तीच अदलाबदल पुन्हा केली की मूळची सम परत येते. प्रत्येकीला एक जोडीदार. म्हणून दोन्हीकडे संख्या सारखी. पंधरा ठोकळ्यांचंही तसंच. रिकामं घर शेवटी ठेवून पंधरा आकडे मांडायचे प्रकार होतात सुमारे १ लाख ३० हजार ७६७ कोटी. त्यातले निम्मे लागणारे, निम्मे न लागणारे. दोन वेगळ्या वस्त्या आणि मध्ये पूल नाही.

म्हणजे पंधराही ठोकळे बाहेर काढून डोळे मिटून पुन्हा बसवले, तर खेळणं लागण्याची शक्यता किती? छापा-काट्याइतकी. निम्मी.

हे वाक्य मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा बी.एस्सी.ला होतो. वर्गात सम आणि विषम क्रमपरिवर्तनं शिकवली जात होती. फळ्यावर चाललेलं ऐकता ऐकता मला कपाटावरचं खेळणं आठवलं. संध्याकाळी घरी येऊन ते काढलं. धूळ पुसली. रिकामं घर कोपऱ्यात आणलं, उलट जोड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. विषम. पण दुकानातून येताना तर ते क्रमाने लावलेलं असतं; आतेभावाचं तसंच होतं. मग माझं विषम झालं कसं?

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तेव्हा नोकरीला लागलेला. त्याला विचारलं. आधी त्याला आठवेना. मग हसायला लागला. म्हणाला, ‘अरे, जत्रेहून आलो त्या रात्री ते माझ्या हातून ओट्यावर आपटलं होतं. चौकटीची एक पट्टी निघाली आणि ठोकळे सगळे घरभर. अण्णा ओरडतील म्हणून मी गोळा केले, जमतील तसे बसवले आणि पट्टी दाबून टाकली. तुला सकाळी दिलं ते विस्कटलेलंच होतं की! तू कुठे विचारलंस?’

खरंच, मी कुठे विचारलं होतं? दादाने छापा-काटा केला होता आणि काटा पडला होता.

अण्णा दुसऱ्या पाळीहून रात्री घरी आले. जेवणं झाल्यावर मी त्यांना बसवलं आणि काळी-पांढरी घरं, रांग, उलट जोड्या असं सगळं सांगितलं. अण्णा फारसे शिकलेले नव्हते. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मी पुन्हा सांगायला लागलो, तेवढ्यात ते म्हणाले, ‘थांब. हे तीन फेजच्या मोटारीसारखं आहे का?’

मी गप्प झालो. ते म्हणाले, ‘आमच्याकडे पंपाच्या मोटारीला तीन तारा येतात. लाल, पिवळी, निळी. जोडताना कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली, की मोटार उलटी फिरते. कुठल्याही दोन असोत. आणखी एकदा दोन बदलल्या की सुलटी. नवीन पोरं हळूच तिन्ही तारा एक-एक घर पुढे सरकवतात आणि म्हणतात, बदललं तरी मोटार तशीच कशी? ते दोन बदल होतात ना, म्हणून तशीच.’

मी जे वर्षभर वहीत लिहीत होतो, ते अण्णा कित्येक वर्षं पान्हा हातात घेऊन करत होते. तीन तारा सहा प्रकारे जोडता येतात. तीन प्रकारांत मोटार सुलटी फिरते, तीनमध्ये उलटी. सम तीन, विषम तीन. विष्णूच्या मूर्ती बारा-बारा, तशाच या तीन-तीन. सरकवून, फिरवून, गोल गोल नेऊन उलट्या मोटारीची सुलटी होत नाही. त्यासाठी कुठल्यातरी दोन तारा उचलूनच बदलाव्या लागतात.

अण्णांनी खेळणं हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे तुझ्याच्याने होणारच नव्हतं.’

मी म्हटलं, ‘कुणाच्याच्याने नाही.’

‘आणि मी उगाच बोलत राहिलो.’

यावर मला काही सुचलं नाही. म्हणून मी वहीतली एक गंमत त्यांना दाखवली. रिकामं घर शेवटी ठेवायचा हट्ट सोडायचा आणि ते पहिल्या घरात, वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचं. त्याच्यापुढे एक, दोन, तीन, आणि खालच्या ओळींत चारपासून पंधरापर्यंत. हा कोपराही काळाच आहे. रांगेत मात्र सोळा नंबर आता सगळ्यांच्या पुढे उभा. त्याच्यामागे पंधरा जण, म्हणजे पंधरा उलट जोड्या. विषम. काळं आणि विषम! माझ्या बिघडलेल्या खेळण्याची तीच तर वस्ती. म्हणजे शेवटी रिकामं घर ठेवून जे कधीच लागलं नसतं, ते आधी रिकामं घर ठेवून बिनचूक लागायला हवं.

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. आम्ही दोघांनी मिळून लावलं. शेवटचा ठोकळा अण्णांनी सरकवला. एक ते पंधरा, सगळे ओळीने.

या गणिताचा धागा पुढे लांबवर जातो. संगणकात माहिती इकडून तिकडे पाठवताना एखादा आकडा बिघडला का, हे ओळखायचा सर्वांत साधा उपाय सम-विषम मोजण्याचाच आहे. आणि आजच्या मुलांच्या हातात असतो तो रुबिकचा ठोकळा. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी तो १९७४ साली बनवला. त्याच्या लागणाऱ्या स्थिती सुमारे ४३ वर अठरा शून्यं इतक्या, आणि २०१० साली सिद्ध झालं की कुठलीही स्थिती जास्तीत जास्त २० वळणांत लागते. पण ठोकळा सुटा करून तुकडे पुन्हा कसेही बसवले तर? तिथे वस्त्या दोन नाहीत, बारा आहेत. कडेच्या आणि कोपऱ्याच्या तुकड्यांच्या अदलाबदलीचं सम-विषम, कोपऱ्यांची पिळवट आणि कडांची उलटापालट, असे तीन हिशेब तिथे सांभाळावे लागतात. म्हणजे लागण्याची शक्यता बारात एक.

मध्यंतरी आमच्याच इमारतीतली सहावीतली एक मुलगी जिन्यात तोंड पाडून बसली होती. हातात ठोकळा. म्हणाली, ‘आजोबा, वर्गात सगळ्यांना येतं. माझा एकच कोपरा राहतो. दरवेळी तोच प्रकार.’ मी बघितलं. सगळे रंग जागेवर आणि एकच कोपरा जागच्या जागी पिळलेला. एकटा कोपरा पिळलेला राहणं कुठल्याही वळणांनी होत नाही. म्हणजे तो कधीतरी हिसक्यात तुकडाच फिरला होता. हल्लीचे ठोकळे सैल असतात, त्यांत असं घडतं. मी अंगठ्याने तो कोपरा पिळून सरळ केला. तिला वाटलं, आजोबांनी लबाडी केली. मग तिथेच पायरीवर बसून तिला सगळं समजावून सांगितलं.

गणित काय काय करता येतं हे शिकवतं, असं आपण समजतो. काय करता येणार नाही, हेही ते ठामपणे सांगतं, आणि ते ऐकलं की पुष्कळदा माणसाचा जीव भांड्यात पडतो. न जमणारं प्रत्येक काम अशक्य असतं असं नाही. बहुतेक वेळा आपणच कमी पडलेलो असतो, तेव्हा आधी मोजून बघावं. पण मोजल्यावर विषम निघालं, तर स्वतःला किंवा पोराला बोल लावण्याआधी एवढं विचारावं, की हे खेळणं हातात आलं तेव्हा कुणी कसं बसवून दिलं होतं?

‘चौदा-पंधरा’ हा शब्द त्या रात्रीनंतरही आमच्या घरात राहिला. अण्णा शेवटपर्यंत तो वापरत होते. फक्त अर्थ बदलला होता. कुणाचं काही फार दिवस अडलं, की ते विचारायचे, ‘बघ जरा, चौदा-पंधरा तर नाही ना? रिकामं घर दुसरीकडे ठेवून बघ.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)